येळवशीचा पंचनामा

बिभीषण सरवदेचा टँकर माकणीच्या रस्त्याला अडवला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि टाकी काठोकाठ भरलेली होती. जमादारानं मोटारसायकल रस्त्यात आडवी लावली होती. एरवी हा माणूस नऊ वाजता चहाच्या टपरीवरून उठायचा नाही. आज दोन शिपाई घेऊन उन्हात उभा होता, म्हणजे त्याला कुणीतरी उभा केलेला होता.

"लायसन."

बिभीषणनं ट्रॅक्टरवरूनच खिशात हात घातला. लायसन प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पिशवीला रबर लावलेलं होतं. सात वर्षांत त्याचा एक कोपरा दुमडला नव्हता. जमादारानं ते उघडूनही बघितलं नाही, तसंच खिशात घातलं.

"हे निलंबित आहे. सहा महिने गाडीला हात लावायचा नाही असा हुकूम आहे तुला. ठाऊक नाही होय?"

"मला कुनी न्हाय सांगितलं सायेब."

"आता सांगितलं. उतर."

चौकीत त्याला दोन दिवस बसवला. टँकर चौकीपुढं उभा होता. पहिल्याच दिवशी शिपायांनी टाकीचा कॉक उघडून हातपाय धुतले, मग जमादाराची मोटारसायकल धुतली. मग कॉक नीट बंद झाला नाही की केला नाही कुणास ठाऊक, पाणी धार धरून रस्त्यानं वाहत राहिलं. गजांमागून बिभीषणला ते दिसत होतं. तिकडं निंबाळवाडीच्या वस्तीत समाजमंदिरापुढच्या हौदाला बाया घागरी लावून बसल्या असतील, हेही त्याला दिसत होतं. मार त्याला पडला नाही. पण त्या दोन दिवसांत त्यानं मनाशी जे धरलं, ते माराला भारी होतं.

त्या साली, म्हणजे पंच्याऐंशीला, पाऊस आला तसा गेला होता. दिवाळीच्या आतच गावच्या विहिरींना तळ लागला. सरकारनं टँकर मंजूर केला. टाकी पंचायत समितीची, ट्रॅक्टर गावच्या सोसायटीचा आणि ड्रायव्हर बिभीषण. दिवसाला तीन खेपा. एक गावच्या आडात, एक मारुतीच्या पारापाशी, एक वस्तीच्या हौदात. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब. त्यांची दीडशे झाडांची मोसंबीची बाग. दिवाळी झाल्यावर एक दिवस त्यांनी पारापाशी हात करून ट्रॅक्टर थांबवला आणि तिसरी खेप बागेत सोडायला सांगितलं.

"ही वस्तीची हाय," बिभीषण म्हणाला.

"वस्तीला उद्या दे की."

"उद्याची उद्या देतो. आजची आज."

आणि त्यानं गिअर टाकला. पारावर चार माणसं बसली होती. नानासाहेबांना बागेचं एवढं काही नव्हतं, त्यांच्या विहिरीला अजून महिनाभराचं पाणी होतं. त्यांना लागलं ते या चार माणसांचं. वस्तीतल्या पोरानं आपल्याला तोंडावर नाही म्हटलं आणि वर धुरळा उडवून गेला.

नुसतं कामावरून काढलं असतं तर बिभीषणनं दुसऱ्या गावी ट्रॅक्टर धरला असता. नानासाहेबांना त्याच्या हातातून स्टेअरिंगच काढून घ्यायचं होतं. त्यांचा एक बैल ओढ्यात पाय घसरून मोडला होता. तो बिभीषणनं ट्रॅक्टर घालून मोडला, अशी तक्रार मोटारींच्या कचेरीत गेली. कचेरीनं सुनावणीची नोटीस काढली, कुणी आलं नाही म्हणून लायसन निलंबित केल्याचा हुकूम काढला. दोन्ही कागद सोसायटीच्या पत्त्यावर आले आणि चेअरमनच्या टेबलाच्या खणात जाऊन पडले. खणाला कुलूप लागलं. आणि नानासाहेबांनी बिभीषणला पुढं अडीच महिने तसाच ट्रॅक्टरवर ठेवला. रोज सकाळी रामराम घेतला. फळ पिकू द्यावं तसं गुन्ह्याला पिकू दिलं, आणि मार्चात जमादाराला निरोप धाडला.

---

जामिनावर सुटून आल्यावर बिभीषण बायकोबरोबर रोजगार हमीच्या कामाला खडी फोडायला जाऊ लागला. स्टेअरिंग धरणाऱ्या हातांना घट्टे असतात, पण ते तळव्याच्या वरच्या अंगाला. हातोड्याचे घट्टे वेगळ्या जागी पडतात. आठ दिवसांत त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोललं. जाईबाई, त्याची बायको, बसून सरासरा खडी फोडायची आणि त्याच्या ढिगाकडं बघून न बघितल्यासारखं करायची. मुकादम मात्र बघायचा.

"काय ड्रायव्हरसाब, ब्रेक लागला जनू?"

माणसं हसायची. रस्त्यानं टँकर जायचा. त्यावर आता नानासाहेबांचा पुतण्या होता. वस्तीच्या हौदात चार दिवसांतून एक खेप पडायची, तीही अर्धी. पुतण्या मुद्दाम हॉर्न वाजवत जायचा. बिभीषण मान वर करायचा नाही. हातोडा तेवढा जोरात पडायचा.

घरी आई होती, गजराबाई. साठी उलटलेली, अंगानं काटक, तोंडानं त्याहून. तिचा नवरा, बिभीषणचा बाप, जुन्या काळात चावडीचे कागद गावोगाव पोचवत अनवाणी फिरलेला माणूस. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चावडीची काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवून दिली. गजराबाई ते अजून सांगायची. आता ती दुसरंच घोकत बसली होती.

"तुजा बाप जलमभर गावाचे कागूद वाटत फिरला. आन् तुजा कागूद तुज्या हाती पडंना. हे कसं व्हतंय? म्या मेल्याबिगर सोडत न्हाय त्याला."

"कुनाला, आई?"

"नानाला. आजून कुनाला!"

तालुक्याला कल्याणप्पा वकिलांनी केस घेतली होती. पन्नाशीचे, लिंगायत, घरची शेती असलेले, तोंडात सदा सुपारी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बिभीषणला बोलावलं. गजराबाई मागं लागून एसटीत बसली.

वकिलांनी पोलिसांचे कागद पुढं ओढले. "हे बघ बिभीषण. हुकूम निघाला, एवढ्यानं गुन्हा होत नाही. तो तुझ्यापर्यंत पोचला पाहिजे. पोचला नसेल तर तू सुटलास. पोस्टाच्या पावतीवर सही सोसायटीच्या माणसाची आहे, ती त्यांच्या कामाची नाही. म्हणून त्यांनी हा दुसरा कागद घातलाय. पंचनामा."

"काय हाय त्यात?"

"जमादार हुकूम घेऊन तुझ्या घरी आला. तू घरी होतास, घ्यायला नकार दिलास. मग दोन पंचांसमक्ष त्यानं हुकूम तुझ्या दाराला चिकटवला. पंच गुंडप्पा आणि शांतलिंग. त्यांच्या सह्या आहेत."

बिभीषण उभाच राहिला. "साफ खोटं हाय वकीलसाब!"

"ते मला कळतंय. कोर्टाला कसं कळणार? दोन बागायतदार सांगणार, आम्ही डोळ्यांनी बघितलं. तू सांगणार, नाही. सिद्ध झालं तर तीन महिने आत, आणि लायसनचं नाव काढायचं नाही पुन्हा."

गजराबाई दारापाशी खाली बसली होती. तिनं विचारलं, "कंच्या दिसाला डकवलं म्हनत्यात?"

"दहा जानेवारी. सकाळी अकरा वाजता."

"जानेवारी मला कळत न्हाय. तवा अवस व्हती का पुनव?"

वकिलांना हसू आलं, पण म्हातारीचं मन राखायला त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली. जानेवारीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. त्यांनी सुपारी गिळली की काय कोण जाणे.

"अगं बाई," ते म्हणाले, "ही तर येळवस."

मार्गशीर्षातली अमावस्या. या मुलखात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. घराला कुलपं लावून माणूस न् माणूस शेतात जातो. कडब्याच्या कोपीत पांढरे केलेले पाच दगड मांडायचे, पांडव म्हणून पुजायचे, कडधान्य-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खायची, पिकावर आंबील शिंपडायची. पीक असो नसो. त्या साली ज्वारी वीतभर होऊन करपली होती, तरी माणसं गेली होती. घरात सुतक असेल तोच काय तो मागं राहतो.

गजराबाईनं पदर तोंडाला लावला. बिभीषणला वाटलं आई रडते आहे. ती हसत होती, खांदे हलवून.

"जमादार साताऱ्याकडचा," वकील म्हणाले, "मार्चात बसून जानेवारीची तारीख टाकली. शुक्रवार बघितला, तांबडी सुट्टी नाही हे बघितलं आणि दिली ठोकून. त्याला काय ठाऊक येळवस! पण पंच तर इथलेच ना? त्यांनी तारीख वाचली नाही?"

"चेअरमनसमोर कोन वाचतंय?" बिभीषण म्हणाला. मग त्याला आठवलं. "वकीलसाब, त्या दिशी टँकर बंद व्हता. म्या ट्रॅक्टरला ट्राली लावून चेअरमनच्या घरच्यांला शेतात न्हेलं व्हतं. दहा वाजता. नानासाब सोता माज्या बाजूला बसले व्हते."

वकिलांनी टेबलावर थाप मारली. खणात हुकूम ठेवून हा माणूस त्याच ड्रायव्हरच्या शेजारी बसून आंबील प्यायला गेला होता!

"आन् म्या गुंडप्पाच्या शेतात व्हते," गजराबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सालभर त्याच्या रानात खुरपत्या ज्या बाया, त्यास्नी येळवशीला बोलावत्यात. दिसभर व्हते. गुंडप्पा बी दिसभर तितंच व्हता."

"तुम्ही कोर्टात सांगाल?"

"सांगाल म्हंजी? न्हाय इचारलं तरी सांगीन."

"मग आता एक करा," वकील म्हणाले. "तारखेपर्यंत हे कुणापाशी बोलू नका. वस्तीत नाही, घरात नाही. हे त्यांना कळलं तर ते तारीख सांभाळायचा रस्ता काढतील."

गजराबाईला आयुष्यात कधी कुणी एवढी अवघड गोष्ट सांगितली नव्हती. तीन आठवडे ती ओठ मिटून वावरली. पाण्याला गेली की बाया विचारायच्या, "काकू, तब्येत बरी हाय न्हवं?"

---

तारखेच्या आधी चार दिवस नानासाहेबांचा निरोप आला. बिभीषण गेला तेव्हा ते सोसायटीच्या ओट्यावर पान लावत बसले होते. बस म्हणाले नाहीत. तो खाली उन्हात उभा राहिला.

"बिब्या, हात दाखव."

त्यानं दाखवला. बेचक्यातली जखम पिकून पिवळी झाली होती.

"हे काम तुझं नव्हं. उगी खटल्यात पडू नगंस. पंच काय सांगायचं ते सांगनारच. तू गुन्हा कबूल कर. साहेब नवा हाय, दंडावर सोडंल. मग माज्या बागंत ये, पानी धरायला. सावलीत काम."

पाणी धरायला! ज्या बागेसाठी हे सगळं झालं त्याच बागेला. बिभीषणच्या जिभेवर येळवस आली होती. एक शब्द, आणि हे पान नानासाहेबांच्या घशात अडकलं असतं. त्यानं दात एवढे घट्ट धरले की कानशिलं दुखली.

"बगतो," तो म्हणाला.

"बग. तुज्या बापाला कळत व्हतं कुटं वाकायचं."

ते खोटं होतं. बाप वाकला नव्हता म्हणूनच गावाच्या ध्यानात होता. बिभीषण घरी येईपर्यंत थांबला नाही, वाटेत ओढ्यात उतरला आणि कोरड्या वाळूत बसून हातानं वाळू उकरत राहिला. मनातल्या मनात तो नानासाहेबांना कोर्टात उभा करत होता, पुकारा करवत होता, उन्हात ताटकळत ठेवत होता.

---

कोर्टात पंख्याखाली मॅजिस्ट्रेट बसले होते. तरुण, कोकणातले, उन्हानं वैतागलेले. शांतलिंगला हगवण लागली म्हणून चिठ्ठी आली होती. गुंडप्पा आला होता. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती, पागोटं. नानासाहेब व्हरांड्यात चार माणसं घेऊन बसले होते, लग्नाला आल्यासारखे.

जमादारानं घडाघडा साक्ष दिली. मग गुंडप्पा पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली आणि पढवल्याप्रमाणे सांगितलं. जमादारासंगट गेलो, बिभीषण घरी होता, कागद घेईना, दाराला चिकटवला. सही माझी.

कल्याणप्पा वकील सावकाश उठले.

"अप्पा, शेती किती?"

"अठरा एकर."

"दहा जानेवारीला सकाळी अकराला तुम्ही वस्तीत, बिभीषणच्या दारात होता. नक्की?"

"व्हय."

"त्या दिवशी तिथी कोणती होती?"

गुंडप्पानं पागोटं सावरलं. कोर्टात मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बोटं मोजली आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

"मी सांगतो. येळवस होती," वकील म्हणाले आणि कॅलेंडरचं पान मॅजिस्ट्रेटपुढं ठेवलं.

मागून हसण्याची एक लाट आली. पट्टेवाला तोंडावर हात धरून उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा वर केला. "येळवस म्हणजे काय? यात हसण्यासारखं काय आहे?"

"साहेब, त्या दिवशी आमच्याकडं गावात मांजरसुद्धा थांबत नाही. सगळे शेतात. तुमच्या पट्टेवाल्याला विचारा, तो त्या दिवशी कुठं होता."

"शेतात, साहेब. रजा टाकून," पट्टेवाला विचारायच्या आधीच म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी गुंडप्पाकडं बघितलं. "तुम्ही शेतात गेला नाहीत?"

गुंडप्पाचं कपाळ घामानं भिजलं. विभूतीचे पट्टे खाली ओघळले. त्यानं दाराकडं बघितलं. नानासाहेब तिथं येऊन उभे होते.

"न्हाय गेलो. आमाला... सुतक व्हतं."

मागचं हसू थांबलं. येळवस न करणं म्हणजे काय हे त्या खोलीतल्या मॅजिस्ट्रेट आणि जमादार सोडून सगळ्यांना कळत होतं.

"कोण वारलं, अप्पा?" वकिलांनी विचारलं.

गुंडप्पानं तोंड उघडलं. घरात म्हातारा बाप होता, खाटेवर. चुलता होता. दोन मुलगे, एक गरोदर सून होती. यातलं कुणाचं तरी एक नाव घ्यायचं होतं, जित्या माणसाचं.

"नाव सांगा. जन्ममृत्यूच्या नोंदीत बघू आपण."

गुंडप्पानं पिंजऱ्याचा दांडा धरला. पागोटं काढून हातात घेतलं. "सायेब," तो म्हणाला, "घरात समदे जिते हायत. म्या येळवस केली."

नानासाहेब दारातून मागं सरकले.

"मग सही कुठं केली? कुणी करायला सांगितली?" वकिलांनी विचारलं.

दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. गुंडप्पा एवढंच म्हणाला, "कागूद आला, म्या सही केली." कुणाकडून आला ते त्यानं सांगितलं नाही.

वकिलांचं काम झालं होतं. पण गजराबाई साक्षीला आली होती आणि ती ऐकणारी नव्हती. पिंजऱ्यात तिचं डोकं जेमतेम दांड्याच्या वर आलं. शपथ घेताना तिनं एवढ्या मोठ्यानं खरं सांगेन म्हटलं की झाडाखालची माणसं आत डोकावली.

"म्या गुंडप्पा अप्पाच्या रानात व्हते सायेब, दिस उगवल्यापास्नं मावळस्तवर. अप्पा तितंच व्हते. आमा बायांना त्यांनी कोपीपासनं लांब बसवलं, बांधाच्या पल्याड. मग सोता आले. भज्जी माज्या पदरात टाकली, वरनं. आंबील माज्या तांब्यात वतली, वरनं. हात लागू नये म्हनून हितकं वरनं." तिनं हात डोक्याच्या वर नेला. "आंबील माज्या हातावर सांडली. म्या चाटून घेतली."

मॅजिस्ट्रेट लिहून घेत होते. ते थांबले. "बाई, वरून ओतलं की खालून, त्याचा खटल्याशी संबंध नाही."

"हाय की सायेब. मला अवस कळती, तारीख कळत न्हाय. वरनं वतलं म्हनूनच माज्या ध्यानात हाय. ते बी लिवा."

मॅजिस्ट्रेटनी तिच्याकडं बघितलं. मग मान खाली घालून लिहिलं. लिहून झाल्यावर कारकुनानं वाचून दाखवलं तेव्हा 'वरून' हा शब्द आला की नाही हे तिनं कान देऊन ऐकलं आणि मग अंगठा उठवला.

गुंडप्पा बाकावर पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. बिभीषण त्याच्याकडंच बघत होता. आईनं आंबिलीचं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

---

बिभीषण सुटला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वकिलांनी कचेरीत अर्ज देऊन निलंबनही उठवलं आणि लायसन परत आलं. ते जमादाराच्या खिशात दुमडलं गेलं होतं, मधोमध घडी पडली होती. जाईबाईनं ते तव्यावर ताटली तापवून दाबलं, पण घडी गेली नाही. गावच्या टँकरवर पुतण्याच होता. बिभीषण शेजारच्या गावच्या टँकरवर लागला.

पण मॅजिस्ट्रेटनी निकालात आणखी एक लिहिलं होतं. खोटा पंचनामा केल्याबद्दल जमादार आणि दोन्ही पंचांना नोटीस काढली होती, खटला का भरू नये म्हणून. या नोटिसा मात्र बरोबर ज्याच्या त्याच्या हातात पडल्या. नानासाहेबांचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ते रोज ओट्यावर पान लावत होते. बिभीषणला रात्रंदिवस तेवढंच खुपत होतं. सुटलो ते सुटलो, पण तो तसाच बसला आहे. लायसन हातात असून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका भर दुपारी गुंडप्पा वस्तीत आला. तालुक्याहून आला असावा, फाट्यावरून चालत. रस्त्याचं डांबर पाघळलं होतं आणि ते त्याच्या चपलांना चिकटलेलं होतं. तो दारासमोर उन्हात थांबला. शपथेवर ज्या दाराला त्यानं कागद चिकटवताना बघितला होता, ते दार त्यानं आज पहिल्यांदा बघितलं. पत्र्याचं होतं.

"गजराबाई हायत का?"

गजराबाई दाराच्या आत तूर निवडत होती. चाळीस वर्षं तो तिला 'गजरे' म्हणत आला होता. तिनं सूप खाली ठेवलं.

"हाय की. या."

तो उंबऱ्यापाशी आला, आत आला नाही. बिभीषण तेव्हा खेप टाकून जेवायला घरी आला होता. तो भाकरीवरून उठला नाही.

"बिभीषण, वकिलांना सांग," गुंडप्पा म्हणाला, "माजी काय दुश्मनी न्हवती तुज्यासंगं. खटला झाला तर म्या आत जाईन. म्हातारा मरंल माजा. तुमच्याकडनं तक्रार न्हाय म्हनून लिवून द्या."

"चेअरमन काय म्हनत्यात?"

"ते म्हनत्यात सही तुजी, तू निस्तर. दारात उबं करंनात." त्याचा आवाज चिरकला. "सही त्येंनीच घेतली. सोसायटीत बोलवून. कोऱ्या कागदावर."

"मग कोर्टात का न्हाय बोललास?" बिभीषणनं त्याला अरे-तुरे केलं आणि गुंडप्पानं ते ऐकून घेतलं.

"भ्यालो."

"आता?"

उन्हात चालून गुंडप्पाला तहान लागली होती. "पानी मिळंल का वाईच?"

"मिळंल," गजराबाई म्हणाली. "आदी नाव घ्या. हितं घ्या, मग कोर्टात घ्या. समदं नाव."

गुंडप्पानं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"नानासाहेब चेअरमननी सही घेतली," तो म्हणाला. "पुडल्या तारखेला म्या कोर्टात लिवून देतो. खनात हुकूम व्हता तो बी म्या बगितला, ते बी सांगतो."

बिभीषणच्या हातातला घास हातातच राहिला. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. जन्मात वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं. कोर्टाच्या पट्टेवाल्याचा पुकारा त्याला ऐकू आला, नानासाहेबांच्या नावाचा, तीनदा.

गजराबाई उठली. रांजणातून पितळी तांब्या भरला आणि दारात आली. गुंडप्पानं खाली वाकून ओंजळ धरली, तोंडाशी नेली आणि वर बघितलं.

"वरनं न्हाय वतत आमी," ती म्हणाली. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. "तोंड लावून प्या."

त्यानं तांब्या उचलून वरून घशात धार सोडायला बघितलं. पाणी गळ्यावर सांडलं.

"सांडू नका. हौदात चार दिसानं येतंय. तोंड लावा अप्पा."

गुंडप्पानं डोळे मिटले आणि काठाला ओठ लावले. एकदा लावल्यावर मात्र तो थांबला नाही. गटागटा सगळा तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि दोन्ही हातांनी तांब्या परत दिला.

"लई उपकार झाले, गजराबाई."

ती तांब्या घेऊन चुलीपाशी गेली. चुलीतली मूठभर राख काढली आणि दारात, त्याच्यासमोर, उकिडवी बसून तांब्या घासायला लागली. आधी काठ घासला, जिथं त्याचे ओठ लागले होते तिथं. मग गळा, मग आतून, मग बाहेरून. रांजणातलं आणखी पाणी घेऊन तिनं तो विसळला. एकदा विसळला, दुसऱ्यांदा विसळला. गुंडप्पा उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहून बघत होता आणि ती तिसऱ्यांदा राख घेत होती.